प्रश्न तुमचे: ‘मी नुसतं मशीन चालवतो’ असं लिहू नका

मागच्या अंकात म्हटलं होतं की नोकरीच्या अर्जाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि शक्य असेल तर रिझ्युमेपण जोडा. खूप पत्रं आली. मी बरीच वर्षं भरतीचं काम करतेय, त्यामुळे रिझ्युमे वाचायची सवय आहे, पण यावेळी पत्र आणि रिझ्युमे शेजारी ठेवून वाचले आणि फार वाईट वाटलं, कारण पत्रात माणूस इतकं छान सांगतो की मी काय काय करतो आणि रिझ्युमेत त्यातलं काहीच नसतं, तिथे फक्त हार्डवर्किंग, ऑनेस्ट, टीम प्लेयर. नावं कुणाचीच छापत नाहीये.

ताई, मेकॅनिकल डिप्लोमा आहे, २०२२ पासआऊट. चाकणला एका व्हेंडर कंपनीत एक वर्ष अप्रेंटिस होतो, मग तिथेच कॉन्ट्रॅक्टवर व्हीएमसीवर (धातू कापणारं कॉम्प्युटर-कंट्रोल मशीन) आहे. रिझ्युमे मित्राचा घेऊन नाव बदललं होतं तोच अजून वापरतो. ढीगभर ठिकाणी टाकला, एक फोन नाही. खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही नाहीच, मी नुसतं मशीन चालवतो. बोअर (पार्टमधलं भोक) अंडरसाईज येत होता तेव्हा ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) कधी द्यायचा ते मी ठरवलं होतं पण ते काय सगळेच करतात. – एक वाचक, राजगुरुनगर

अरे, सगळे करत नाहीत! तुझ्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य तुझ्या आख्ख्या रिझ्युमेपेक्षा भारी आहे आणि रिझ्युमेत ते नाहीच. तिथे वर चार ओळी आहेत, ‘टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट व्हेअर आय कॅन युटिलाईज माय स्किल्स’ वगैरे. ही ऑब्जेक्टिव्हची ओळ सगळ्यांच्या रिझ्युमेत असते, वाचणारा ती वाचतच नाही. ती काढून टाक आणि त्या जागी दोन ओळींत सांग की तू कोण आहेस: डिप्लोमा मेकॅनिकल, व्हीएमसीवर इतकी वर्षं, फानुक कंट्रोल की सीमेन्स, सेटिंग करतोस की नुसतं ऑपरेटिंग, आणि सध्या कुठे राहतोस. चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात भरती करणाऱ्याला आधी एवढंच बघायचं असतं, कारण त्याच्याकडे शिफ्ट रिकामी पडलेली असते.

आता कामाचा भाग, आणि इथे तुला बसून नीट आठवावं लागेल. कुठला पार्ट करतोस? ॲल्युमिनियम हाऊसिंग की स्टीलचा फ्लँज? ड्रॉइंग स्वतः वाचतोस का? टॉलरन्स किती असतो? व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाईट गेज यातलं काय स्वतः वापरतोस? फर्स्ट पीस अप्रूव्हल कोण घेतं, इनप्रोसेसचा रिपोर्ट कोण भरतं? सायकल टाईम किती आणि शिफ्टला नग किती? समजा सायकल टाईम चार मिनिटं दहा सेकंद आहे आणि जेवणाचा अर्धा तास सोडून साडेसात तास मशीन चालतं, तर गणिताने १०८ नग होतात, त्यातून लोडिंग, मोजमाप, इन्सर्ट म्हणजे टूलचा कापणारा तुकडा बदलणं हे जाऊन तू ९५ काढत असशील तर ते लिही, शॉपवरच्या माणसाला ते एका नजरेत कळतं की हा खरं बोलतोय. फक्त आकडा तुझा स्वतःचा हवा, माझा हा उतरवून काढू नकोस, कारण इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्यावरच येणार.

आणि तो बोअरचा किस्सा असा लिही: ‘इन्सर्ट झिजल्याने बोअर अंडरसाईज येत होता. किती नगांनंतर फरक पडतो ते रोज मोजून नोंदवलं, त्यानुसार ऑफसेट देण्याची वेळ ठरवली, रिजेक्शन कमी झालं.’ बास. किती कमी झालं ते लाईन इन्चार्जकडे नोंद असेल तर आकडा टाक, नसेल तर नुसतं कमी झालं लिही, अंदाजाने पन्नास टक्के वगैरे ठोकू नकोस. इंग्रजीत लिहिताना वाक्यं छोटी ठेव, व्याकरण कुणाकडून तरी तपासून घे.

दोन गोष्टी अजून. तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस म्हणजे तुझा पीएफ बहुतेक कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने भरला जातो. रिझ्युमेत फक्त कंपनीचं नाव टाकलंस आणि उद्या पडताळणीत यूएएनच्या (तुझ्या पीएफच्या कायमच्या नंबरच्या) सर्व्हिस हिस्टरीत दुसरंच नाव निघालं तर विनाकारण संशय येतो, म्हणून सरळ लिही, अमुक कंपनीत, तमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत. त्यात कमीपणा काही नाही, अर्धं चाकण असंच काम करतंय. आणि अप्रेंटिस ॲक्टखाली झालेलं ते एक वर्ष ‘ट्रेनी’ म्हणून उडवून देऊ नकोस, त्याचं सर्टिफिकेट मिळालंय ना, मग स्वतंत्र ओळ दे, तारखांसकट. हां, आणि कस्टमरचं ड्रॉइंग किंवा प्रोग्रॅमचा फोटो नमुना म्हणून जोडायचा नाही, ते कंपनीचं असतं.

रिझ्युमेवर फोटो, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, आधार नंबर, खाली डिक्लेरेशन आणि सही, हे सगळं लागतं का? सायबरवाल्याने सगळं टाकून दिलंय. – एक वाचक, सोलापूर

नाही लागत. जात, धर्म, लग्न झालंय की नाही, उंची, रक्तगट, काही नको, हे लग्नाच्या स्थळासाठी ठीक आहे. जाहिरातीत फोटो मागितला असेल तर द्या, हॉटेल किंवा एअरलाईनवाले कधीकधी मागतात. डिक्लेरेशन ठेवलं तर कुणी नाकारत नाही पण दोन ओळी वाया जातात. आधार आणि पॅन नंबर मात्र आत्ताच्या आत्ता काढा, हे मी कळकळीने सांगतेय, कारण तो रिझ्युमे कुठे कुठे फॉरवर्ड होतो ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही. ऑफर आल्यावर जॉईनिंगच्या वेळी ती कागदपत्रं एचआर मागतो, तेव्हा द्यायची. आणि जो कुणी इंटरव्ह्यूच्या आधी रजिस्ट्रेशन किंवा डिपॉझिट म्हणून पैसे मागेल तिथून उठून यायचं. नाव, मोबाईल, साधा ईमेल, शहर, एवढं पुरे. फाईलला स्वतःचं नाव द्या, ‘न्यू रिझ्युमे फायनल टू’ अशा नावाची फाईल नंतर कुणाला सापडत नाही.

ताई नमस्कार, लातूरचा आहे, २०१९ ला बीए झालो आणि तेव्हापासून पुण्यात एमपीएससी करतोय. दोनदा राज्यसेवा पूर्व निघाली, मेन्सला राहिलं. आता पॅटर्नपण डिस्क्रिप्टिव्ह झाला आणि घरच्यांचाही धीर संपला. प्रायव्हेटला जायचंय पण रिझ्युमेत एवढी वर्षं काय दाखवू? रूममेट म्हणतो दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर विकत मिळतं. अभ्यासिकेचं व्यवस्थापन मी बघायचो आणि शिकवण्या घेतल्या, बाकी काही नाही. – एक वाचक, सदाशिव पेठ

आधी त्या लेटरचं. घेऊ नकोस. हल्ली बऱ्याच कंपन्या जॉईन व्हायच्या आधी किंवा नंतर बॅकग्राऊंड चेक करतात, पगाराच्या स्लिप मागतात, बँक स्टेटमेंट मागतात, पीएफ बघतात, यातलं काहीच तुझ्याकडे नसणार. सापडलास तर नोकरी जाते आणि ते सहा महिन्यांनी झालं तर अजून वाईट, कारण तोवर घरी सगळ्यांना सांगून झालेलं असतं.

खरं आहे तेच लिही रे. ‘२०१९ ते आत्तापर्यंत: स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, राज्यसेवा पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण.’ एक ओळ, लाजायचं काही नाही. महाराष्ट्रात भरती करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच्या घरात, नात्यात कुणीतरी हे केलेलं असतंच. त्याला भीती वेगळीच असते की हा मुलगा पुढच्या जाहिरातीला परत अभ्यासाला पळेल. तेव्हा कव्हर लेटरमध्ये, म्हणजे रिझ्युमेसोबतच्या पत्रात, ती भीती स्वतःहून काढ, एकाच वाक्यात: तयारी थांबवली आहे, आता या क्षेत्रात स्थिर व्हायचं आहे. आणि हे खरं असेल तरच लिही. अजून एक अटेम्प्ट मनात असेल तर तो आधी स्वतःशी नीट ठरव.

आता ‘बाकी काही नाही’ असं तू म्हणतोस त्याच्याबद्दल. अभ्यासिका सांभाळायचास म्हणजे काय करायचास? किती सीट होत्या, फी कोण गोळा करायचं, हिशोब कशात ठेवायचास, एक्सेल की वही? सकाळी कुलूप उघडण्यापासून वायफाय बंद पडल्यावर माणूस बोलावण्यापर्यंत सगळं तूच करत असशील तर ते ॲडमिनचं काम आहे आणि त्याला ॲडमिन असिस्टंट या नावाने नोकऱ्या निघतात. शिकवण्या कुणाच्या घेतल्यास, कुठल्या इयत्तेच्या, कुठला विषय, किती वर्षं? मराठी आणि इंग्रजी टायपिंगचं सरकारी सर्टिफिकेट असेल तर स्पीडसकट लिही, एमएससीआयटी असेल तर तेही. राज्यसेवेचा अभ्यास केलेला मुलगा शासन निर्णय वाचून त्यातलं नेमकं काढू शकतो, ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत कुठला अर्ज कुठे जातो हे त्याला माहीत असतं, आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्थांना, सीएसआरची म्हणजे कंपन्यांच्या पैशातून होणारी सामाजिक कामं करणाऱ्यांना, क्लासेसच्या कंटेंट टीमला नेमकं हेच लागतं. सरसकट ‘एनी जॉब’ म्हणून सगळीकडे एकच रिझ्युमे पाठवायच्या ऐवजी या तीन-चार प्रकारच्या जागा धर आणि प्रत्येकासाठी वरच्या दोन ओळी बदल. वय लिहायची गरज नाही, पासिंगच्या वर्षावरून कळतंच.

मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नर्स आहे, सांगलीत हॉस्पिटलला तीन वर्षं झाली, आयसीयूमध्ये असते. जर्मनीला जायचं म्हणतेय, भाषेचा क्लास चालू आहे. तिथे रिझ्युमे वेगळा असतो म्हणे? – एक पालक, इस्लामपूर

काका, हो, थोडा वेगळा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला तेव्हापासून ही विचारणा फार वाढलीय. तिथे लेबेन्सलाउफ म्हणतात, तो तक्त्यासारखा असतो, डावीकडे महिना आणि वर्ष, उजवीकडे काय केलं, सगळ्यात अलीकडचं वर. मधे रिकामे महिने दिसले तर ते विचारतात, म्हणून परीक्षेच्या निकालाची वाट बघत घरी होती तर तेही लिहायचं. फोटो लावायची पद्धत अजून आहे पण २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर ती सक्ती राहिलेली नाही. शेवटी गाव, तारीख आणि सही करायची पद्धत आहे. अमेरिकेला पाठवायचा असता तर उलट, फोटो, वय काहीच नको असतं.

भाषेची लेव्हल जितकी आहे तितकीच लिहायला सांगा, ए२ असेल तर ए२ (ए१ ते सी२ अशा चढत्या पायऱ्या असतात), कारण मुलाखत बहुतेक जर्मनमध्येच होते आणि दोन मिनिटांत कळतं. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारण बी२ लागतं. आणि कामाच्या भागात नुसतं ‘स्टाफ नर्स, आयसीयू’ नको, किती बेडचा आयसीयू, एका शिफ्टला तिच्याकडे किती पेशंट, व्हेंटिलेटरवरचे असतात का, सक्शन, सेंट्रल लाईनची काळजी, इन्फ्युजन पंप, यातलं ती काय स्वतः करते आणि कशात मदत करते, हे वेगळं वेगळं लिहू दे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे हेही लिहायचं. एजंट गाठला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं लायसन्स आहे का ते पैसे द्यायच्या आधी बघा, नंतर नाही.

कॅनव्हावरून मस्त दोन कॉलमचा रंगीत रिझ्युमे केलाय आणि कव्हर लेटर चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं, तरी रिप्लाय नाही. कॉम्प्युटरच रिजेक्ट करतो का? – एक वाचक, ठाणे

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातात, त्याला एटीएस म्हणतात. ते तुमच्यावर राग धरून बसलेलं नसतं, ते फाईलमधला मजकूर उचलून रकान्यांत भरतं आणि मग माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. दोन कॉलम, आयकॉन, चित्रात लिहिलेला मजकूर असला की ओळी एकमेकांत मिसळायची भीती असते. घरीच तपासा: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तुमचा मोबाईल नंबर शाळेच्या नावाला चिकटलेला दिसला तर तिकडेही तसंच होऊ शकतं. एका कॉलमचा, काळ्या अक्षरांचा, साधा पीडीएफ करा. ‘एक्सेल चार स्टार’ असल्या पट्ट्या काढा, त्याऐवजी पिव्होट, व्हीलुकअप येतं का ते लिहा. जाहिरातीत जो शब्द वापरलाय तोच तुमच्या कामाला लागू होत असेल तर तोच वापरा. पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायची आयडिया कुणीतरी रीलमध्ये सांगतं, ती अजिबात करू नका, पेस्ट केलं की सगळं उघड दिसतं.

चॅटजीपीटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इंग्रजी सुधारून घ्यायला जरूर वापरा, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी ती फार मोठी सोय आहे, आणि ती मिळतेय याचा मला आनंद आहे. पण आधी तुमची माहिती तुम्ही लिहा, मोडक्या इंग्रजीत का होईना, आणि मग सांगा की यात नवीन काही न घालता फक्त व्याकरण नीट कर. तुम्ही पाठवलेलं लेटर मी वाचलं, ‘आय ॲम थ्रिल्ड टू अप्लाय’ने सुरू होतं आणि त्यात तुम्ही ‘क्रॉस फंक्शनल टीम्स लीड’ केल्या असं आहे, आणि तुमच्या रिझ्युमेत तर तुम्ही एक वर्ष डेटा एंट्रीला आहात. हे कॉम्प्युटरने नाही, माणसाने बाजूला ठेवलं असणार. डेटा एंट्रीचंच लिहा ना, दिवसाला किती इन्व्हॉईस, कुठलं सॉफ्टवेअर, चुका कशा तपासायचात.

मॅडम, मी बीकॉम, २०१० ते २०१६ नाशिकला एका सीए ऑफिसमध्ये होते, मुलं झाल्यावर सोडलं. आता दोघं शाळेत जातात. या वर्षी टॅली प्राईम आणि जीएसटीचा कोर्स केला, सोसायटीचे हिशोब तीन वर्षं मीच बघते. पण एवढा मोठा गॅप बघून कोण घेईल? कव्हर लेटरमध्ये गॅपबद्दल लिहावं की लपवावं? – एक वाचक, नाशिक

ताई, लिहावं. पण माफी मागितल्यासारखं नाही. मुलं वाढवली याबद्दल कुणाला सॉरी म्हणायचं कारण नाही, एका वाक्यात सांगायचं आणि पुढे जायचं. समोरच्याला खरी शंका तुमच्या मुलांबद्दल नसतेच, त्याला शंका असते की तुम्ही गेलात तेव्हा व्हॅट होता, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मग ई-वे बिल आलं, टॅलीचं रूप २०२० मध्ये बदललं, आता पाच कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना ई-इन्व्हॉईस लागतं, हे सगळं तुम्हाला जमेल का. त्याचं उत्तर लेटरमध्ये द्या. छोट्या ऑफिसला मराठीत लिहिलं तरी चालतं. मी असं लिहिलं असतं:

‘माननीय महोदय, आपल्या ऑफिसला अकाउंट असिस्टंट हवी असल्याची जाहिरात वाचली. २०१० ते २०१६ मी नाशिकच्या एका सीए फर्ममध्ये काम केलं. टॅलीतल्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, व्हॅट आणि टीडीएसची रिटर्न्स माझ्याकडे होती. मुलं लहान असल्याने २०१६ मध्ये काम थांबवलं, आता मी पूर्ण वेळ येऊ शकते. मधल्या काळात जीएसटी आल्यामुळे या वर्षी त्याचा आणि टॅली प्राईमचा कोर्स केला. जीएसटीआर-१ आणि ३बी ही रिटर्न्स आणि खरेदी जीएसटीआर-२बीशी जुळवणं याचा सराव केला आहे, प्रत्यक्ष क्लायंटचं रिटर्न अजून भरलेलं नाही. गेली तीन वर्षं आमच्या सोसायटीचा जमाखर्च मी ठेवते. माझं काम बघण्यासाठी आपण एखाद्या महिन्याचे व्हाउचर देऊन टेस्ट घेतलीत तर मला आवडेल.’

फर्मचं नाव तुम्ही द्यालच. ‘प्रत्यक्ष रिटर्न अजून भरलेलं नाही’ हे वाक्य वाचून तुम्ही दचकाल, पण ते राहू द्या, कारण सीए लोक कागद तपासण्यातच आयुष्य काढतात, त्यांना जे येतं आणि जे येत नाही ते दोन्ही सांगणारा माणूस लगेच विश्वासाचा वाटतो. सोसायटीच्या ओळीत फ्लॅट किती, ऑडिट झालंय का, ते घाला. कोर्सवाल्यांनी दिलेलं सर्टिफिकेट मेलला जोडायची घाई नको, रिझ्युमेत एक ओळ पुरे. आणि हे लेटर वेगळी फाईल करून जोडू नका, मेलमध्येच लिहा, विषयाच्या जागी पदाचं नाव, तुमचं नाव आणि ‘नाशिक’. तुमच्या जुन्या सरांना एक फोनपण करा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये या ऑफिसेसना माणसं कमी पडतात आणि ती जागा जाहिरातीत यायच्या आधी ओळखीत फिरते, तुमचं काम त्यांनी सहा वर्षं बघितलंय.